काकासाहेबांच्या भिंतीवरची मेंढरं

हृदय ही परमेश्वरानं माणसाला दिलेली सर्वांत मोठी देणगी असून ती आयुष्यात एकदाच मिळते. हे वाक्य काकासाहेबांनी कृषी खात्यातल्या नोकरीत सव्वीस वर्षं वापरलं. निरोप समारंभात वापरलं, शाळेच्या स्नेहसंमेलनात वापरलं आणि एकदा तर कपाशीवरच्या बोंडअळीच्या शिबिरातही वापरलं. एकसष्टाव्या वर्षी त्यांची ती देणगी निकामी झाली आणि मुंबईच्या डॉक्टरांनी दुसरी बसवून दिली. त्या दिवसापासून काकासाहेबांनी हे वाक्य म्हणायचं सोडलं. दुसरं तयार नव्हतं, त्यामुळं ते बरेच दिवस गप्प होते. सिडकोतल्या आमच्या इमारतीत तो काळ शांततेचा गेला.

चार महिन्यांनी ते मुंबईहून घरी आले ते तोंडाला मास्क लावून. माझं दार त्यांच्या दारासमोर आहे. मी माझ्या उंबऱ्यात उभा, ते त्यांच्या उंबऱ्यात, मध्ये जिना, असं आमचं बोलणं चालायचं. हृदय कुणाचं बसवलं हे दवाखाना सांगत नाही, तसा नियमच आहे. पण नियमानं काकासाहेबांचं कधी समाधान झालेलं नाही.

"खानदानी माणसाचं आहे, भाऊ," ते जिन्यापलीकडून म्हणायचे. "ठोका ऐकला ना, की कळतं. चांगल्या घरातला ठोका आहे."

"चांगल्या घरातला ठोका कसा असतो?"

"संथ. घाई नाही त्याला. दोन-चारशे एकरांचा मालक असणार."

मुंबईच्या दवाखान्यानं त्यांना सूचनांची चार पानं दिली होती. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई यांनी ती फ्रिजच्या दाराला चुंबकानं लावली. चुंबक एकच असल्यामुळं पहिलं पान पुढं आणि उरलेली तीन त्याच्या मागं. पहिल्या पानावर होतं ते घरानं तंतोतंत पाळलं. सकाळी नऊला आणि रात्री नऊला एक गोळी, मिनिटाचाही उशीर नाही. शरीरानं परकं हृदय हाकलून देऊ नये म्हणून ही गोळी जन्मभर घ्यायची असते. तिचं नाव लांबलचक होतं, घरात तिला 'नऊची गोळी' म्हणत. शिवाय पाहुण्यांना बंदी. आणि फळं खायची तर जाड सालीचीच, म्हणजे जंतू आत जात नाहीत.

आता आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत. पाहुण्यांना बंदी झाली म्हणून पाहुणे थांबले, फळं थांबली नाहीत. ती एकटी येऊ लागली. दाराच्या कडीला पिशव्या लटकू लागल्या. द्वारकाबाई साल चाचपून निवड करायच्या. द्राक्षं, पेरू, बोरं माझ्या घरी. केळी, मोसंब्या, डाळिंबं पेशंटला. त्या दोन महिन्यांत माझी तब्येत फार सुधारली.

गणपतीच्या आठ दिवस आधी द्वारकाबाईंचा भाऊ बद्रीनाथ आला. सिल्लोडकडं त्याची शेती आहे आणि विहिरीवर पपनसाचं एक झाड आहे. त्यानं पोतं जिन्यात टेकवलं आणि त्यातून डोक्याएवढं पपनस काढून बहिणीपुढं धरलं.

"अक्का, साल बघ! बोटभर जाड. जंतू आत जाईल कुठून?"

द्वारकाबाईंनी नख रोवून पाहिलं. नख बुडालं, गर लागला नाही. त्यांचे डोळे भरून आले. डॉक्टरांनी सांगितलेलं फळ एखाद्या घरानं इतक्या निष्ठेनं शोधलं असेल असं मला वाटत नाही. मोसंबीची साल ती काय, आणि पपनसाची ती काय! त्या दिवसापासून रोज दुपारी काकासाहेबांपुढं सोललेल्या पपनसाचं ताट येऊ लागलं. वर तिखट-मीठ. माहेरचं फळ म्हणून द्वारकाबाई समोर बसून संपवून घ्यायच्या.

त्याच सुमारास काकासाहेबांना खोकला झाला. मला तो जुलैत झाला होता आणि डॉक्टरांनी दिलेल्या पट्टीतल्या पाच गोळ्या उरल्या होत्या. औषध टाकून देणं आमच्या पिढीला जमत नाही. उरलेली गोळी ही कुणाच्या तरी उपयोगाची असते, फक्त तो माणूस भेटायचा असतो. मी ती पट्टी द्वारकाबाईंना दिली. खोकला दोन दिवसांत थांबला आणि माझं इमारतीत नाव झालं. हे मी इथं सांगतो कारण पुढं ते सांगावंच लागणार आहे.

पहिल्यांदा बशी हलू लागली. काकासाहेब चहा पिताना बशी टकटक वाजायची. त्यांनी दोष बशीला दिला, द्वारकाबाईंनी स्टीलचा पेला आणला, तोही वाजला. मग डोकं दुखू लागलं. मग एका बुधवारी दुपारी, जेवण झाल्यावर, काकासाहेबांनी समोरच्या भिंतीकडं बोट केलं.

"ही कुणाची?"

"काय कुणाची?" द्वारकाबाई म्हणाल्या. भिंतीवर कॅलेंडर होतं.

"मेंढरं. हाकला की. रांगोळी खाऊ लागली."

भिंतीवर रांगोळी नव्हती. द्वारकाबाईंनी तरी पदर हलवून 'हुर्र' केलं. नवऱ्याचा शब्द मोडायचा नाही म्हणून केलं की घाबरून, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

मुंबईला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, ताबडतोब रक्त तपासा आणि तुमच्याच शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडं न्या, आजच न्या. पण बद्रीनाथ त्या दिवशी घरात होता. तो मोसंबी-कपाशीचा शेतकरी असला तरी निष्कर्ष काढण्यात त्याला मोठी गती आहे.

"अक्का, मेंदूचा काय संबंध? मेंदू दाजीचाच आहे, जुना. बदललंय काय? हृदय. अन् दिसतंय काय? मेंढरं. मंग हृदय कुणाचं?"

त्यानं आमच्याकडं आळीपाळीनं पाहिलं.

"धनगराचं!" बद्रीनाथ म्हणाला आणि खुर्चीत बसला, जणू ते हृदय त्यालाच बसवलं होतं.

मी म्हटलं, "बद्रीनाथ, हृदय म्हणजे पंप आहे. विहिरीवरची मोटार बदलली म्हणून पाण्याला मोटारवाल्याचं गाव आठवतं का?"

"भाऊ, तुमी लिहिता. तुमाला अनुभव नाय."

तो पुढं म्हणाला, "ही नऊची गोळी काय करती? त्या हृदयाला घरात ठेवून घेती. आपणच दार उघडं ठेवलंय. दोन दिवस गोळी बंद करून बघू. जरा दबून राहील."

दोन दिवस गोळी बंद केली असती तर हृदय दबून राहिलं नसतं, कायमचं निघून गेलं असतं. हे मी सांगितलं, पहिल्या पानावर तांबड्या अक्षरांत लिहिलेलं दाखवलं. द्वारकाबाईंनी मान हलवली. पण त्यांची मान त्या दिवशी कुणीही काही सांगितलं तरी हलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काकासाहेबांना नऊची गोळी द्यायला गेल्या. काकासाहेबांनी गोळी घेतली, पाणी प्याले, पेला परत दिला आणि फार अदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या?"

द्वारकाबाई स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या. भांडं खाली नव्हतं. मी नळ बंद केला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, अडतीस वर्षं झाली लग्नाला. त्या हृदयाला मी नवीनच आहे ना? त्याची कुणी असेल कुठंतरी. हे तिला शोधत असतील का?"

मी आयुष्यभर लोकांवर हसून पोट भरलंय. त्या वेळी मात्र "गाडी बोलावतो, दवाखान्यात जाऊ," एवढंच म्हणालो.

"बद्रीला येऊ द्या. तो मुंजाबाला आणायला गेलाय."

मुंजाबा हा फर्दापूरकडचा मेंढपाळ. वीस वर्षं तो दर उन्हाळ्यात काकासाहेबांच्या शेतात मेंढरं बसवायला आणत असे, शेताला खत मिळावं म्हणून. बद्रीनाथची कल्पना अशी, की हृदय धनगराचं असेल तर धनगर ते बरोबर ओळखेल. दहा वाजता तो मुंजाबाला मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. मुंजाबा सत्तरीचा, डोक्याला तांबडं पागोटं, पायात नाल ठोकलेल्या वहाणा. त्यानं वहाणा खालीच काढल्या, वर येऊन काकासाहेबांकडं पाहिलं आणि बद्रीनाथला विचारलं, "मला कामून आणलं?"

"मुंजाबा, नीट बघून सांगा. दाजीच्या आत तुमच्यातलं कुणी आहे का?"

मुंजाबानं बद्रीनाथकडं बराच वेळ पाहिलं. एखादं मेंढरू विकत घेताना पाहतात तसं. मग तो पलंगाजवळ बसला.

"मालक, मेंढरं दिसत्यात म्हनं?"

"व्हय," काकासाहेब म्हणाले. "ही काय."

"किती हायेत?"

"लई."

मुंजाबानं गुडघ्यावर हात मारला. "झालं! आमचं मानूस न्हाई ह्ये. आमचं मानूस 'लई' म्हनत न्हाई. एकशे बेचाळीस म्हनतं. त्यातली तीन लंगडी, येक गाभण, ह्येबी सांगतं."

बद्रीनाथचा चेहरा उतरला. म्हणजे हृदय खानदानी निघालं याचा त्याला आनंद व्हायला हवा होता, पण तर्क पडला याचं दुःख मोठं होतं. मुंजाबा मात्र उठला नाही. त्यानं काकासाहेबांचा हात आपल्या तळव्यावर ठेवला. हात वाऱ्यावरच्या पानासारखा थरथरत होता.

"ह्ये कवापासून?"

"आठ दिवस झाले," द्वारकाबाई म्हणाल्या.

"काय नवं खाऊ लागले?"

"काहीच नाही. दवाखान्यानं सांगितलं तेवढंच."

"बाई, मेंढरू आसं थरथराया लागलं तर आमी त्याचं तोंड बघत न्हाई. त्येनं कुठं तोंड घातलं ती जागा बघतो. कोवळी ज्वारी खाल्ली आसंल, न्हाईतर कन्हेर. मानूस खोटं बोलतं. उष्टं खोटं बोलत न्हाई. तुमची कचऱ्याची बादली कुठं हाय?"

आणि त्यानं खरंच स्वयंपाकघराच्या गॅलरीतली बादली उपडी केली. आमच्या इमारतीत कचरा गाडी दोन दिवस आली नव्हती, ही त्या वर्षातली तिची एकमेव सेवा. मुंजाबा उकिडवा बसून बोटानं एकेक गोष्ट बाजूला करू लागला. केळीची साल ठीक. भाजीची देठं ठीक. मग पपनसाच्या सालींचा ढीग निघाला, दोन ओंजळी भरून. त्यानं एक तुकडा हुंगला, दाताखाली धरला, थुंकला.

"ह्ये काय?"

"ते फळ आहे," द्वारकाबाई म्हणाल्या. "माझ्या माहेरचं. जाड सालीचं."

"रोज?"

"रोज एक."

मुंजाबानं सालीचा तुकडा कोपरीच्या खिशात टाकला. आणखी खाली त्याला गोळ्यांची रिकामी पट्टी सापडली. तीही त्यानं खिशात टाकली. मी ती पट्टी ओळखली, पण त्या वेळी बोलणं मला योग्य वाटलं नाही.

तेवढ्यात आतून पेला पडल्याचा आवाज आला. आम्ही धावलो. काकासाहेब पलंगावर ताठ झाले होते, डोळे वर गेले होते, हातपाय झटके देत होते. बद्रीनाथ कांदा शोधायला पळाला. मुंजाबानं काकासाहेबांना अलगद कुशीवर वळवलं आणि नाकाला लावायला आणलेला कांदा बद्रीनाथच्याच हातात परत ठेवला. दोन मिनिटांत झटके थांबले. अर्ध्या तासात आम्ही दवाखान्यात होतो.

मेंदूच्या डॉक्टर दांडगे मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या होत्या. त्यांचा सहायक डॉक्टर झटक्यांचं नेहमीचं इंजेक्शन भरू लागला, तर त्यांनी त्याचा हात धरला.

"हे नको, दुसरं काढा. यांचं हृदय बदललंय. हे इंजेक्शन त्यांची गोळी रक्तातून संपवून टाकेल. मग झटके थांबतील आणि हृदय जाईल."

तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं, की काकासाहेब एका अशा दोरीवर चालताहेत, जिच्या एका बाजूला त्यांचं डोकं आहे आणि दुसऱ्या बाजूला हृदय. गोळी कमी पडली तर शरीर हृदयाला हाकलून देतं. जास्त झाली तर मेंदूला सूज येते, हात थरथरतात, नजर जाते, नाही ते दिसतं. मेंदूचा फोटो काढला. डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथं आपल्याला दिसलेलं कळतं, तिथं सूज होती. मेंढरं तिथून येत होती. संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. गोळीचा अंश जिथं आठ-दहा हवा तिथं अडतीस होता.

मॅडमनी आम्हाला सगळ्यांना खोलीत बोलावलं.

"जास्तीच्या गोळ्या दिल्या का?"

"नाही हो," द्वारकाबाई म्हणाल्या. "घड्याळ लावून देते. नवाला एक, नवाला एक."

"दुसरं काही औषध? नवीन खाणं?"

"काही नाही," बद्रीनाथ म्हणाला.

"काही नाही," मी म्हणालो.

मुंजाबानं खिशात हात घातला आणि पपनसाची साल मॅडमच्या टेबलावर, रिपोर्टच्या शेजारी ठेवली. मॅडमनी ती उचलली आणि तशीच धरून ठेवली.

"हे कुणी खाल्लं?"

"रोज येक," मुंजाबा म्हणाला. "आन् ह्येबी." त्यानं पट्टी ठेवली.

मॅडमनी पट्टीवरचं नाव वाचलं आणि चष्मा काढला. "ही कुणी दिली?"

मी साहित्यात पस्तीस वर्षं काढली. कुठल्याही प्रसंगात काय म्हणावं हे मला कळतं असा माझा लौकिक आहे.

"शेजारधर्म," मी म्हणालो.

मॅडमनी समजावून सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. आपल्या पोटात लिव्हर नावाचं कार्यालय आहे आणि नऊच्या गोळीची फाईल निकालात काढणारा एक कारकून तिथं बसतो. पपनसात असं काही असतं, की ते त्या कारकुनाला रजेवर पाठवतं. माझ्या खोकल्याच्या गोळीनं त्याच्या जागी आलेल्या बदलीच्या माणसालाही रजेवर पाठवलं. टेबलावर फाईली साठत गेल्या, साठत गेल्या, आणि ढिगारा मेंदूवर कोसळला. काकासाहेबांच्या खात्यात अशा गोष्टी त्यांच्या सव्वीस वर्षांत अनेकदा घडल्या होत्या, पण तिथं कुणाला झटका आला नव्हता.

"सूचनांच्या तिसऱ्या पानावर असतं हे," मॅडम म्हणाल्या. "पपनस खाऊ नये. विचारल्याशिवाय दुसरं औषध घेऊ नये. तिसरं पान वाचलं नाही?"

"चुंबक एकच आहे," द्वारकाबाई म्हणाल्या.

बद्रीनाथ बाहेर जाऊन बाकावर बसला. मी त्याच्या शेजारी बसलो. गुन्ह्यातल्या भागीदारीनं माणसं किती जवळ येतात हे मला तेव्हा कळलं.

पपनस बंद, माझी गोळी संपलेलीच होती, आणि नऊची गोळीसुद्धा तिचा रक्तातला अंश उतरेपर्यंत थांबवली. हा सगळ्यांत कठीण भाग होता. द्वारकाबाई सकाळी नऊला घड्याळाकडं बघायच्या आणि रिकामा हात पदरात गुंडाळायच्या. रोज रक्त काढायचं. अडतीस, एकोणतीस, एकवीस, चौदा. हृदय तपासत होते. ते बिचारं परक्या घरात निमूट काम करत होतं, त्याची काही तक्रार नव्हती.

"सूज उतरेल," मॅडम म्हणाल्या. "बहुतेकांची उतरते. सगळ्यांची उतरतेच असं मी म्हणणार नाही. सगळं परत आलं की नाही, हे ते बोलतील तेव्हा कळेल."

द्वारकाबाईंनी 'सगळं' म्हणजे काय ते विचारलं नाही. त्यांना त्यातली एकच गोष्ट हवी होती. चार दिवस काकासाहेब झोपेतच होते. जागे झाले की छताकडं बघायचे आणि परत डोळे मिटायचे. द्वारकाबाई पलंगाशेजारच्या स्टुलावरून हलल्या नाहीत. पाचव्या दिवशी गोळी पुन्हा सुरू झाली, निम्म्या मात्रेनं, आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी काकासाहेबांनी डोळे उघडले ते उघडेच ठेवले.

मॅडम आल्या. सहायक आला, त्याच्या हातात तपासणीचा कागद. बद्रीनाथ पायथ्याशी हात जोडून उभा, मुंजाबा दाराशी. त्याला गावी जायचं होतं, पण 'उठलेलं बघून जातो' म्हणून तो रोज उद्या म्हणत होता.

"नाव सांगा," मॅडम म्हणाल्या.

काकासाहेबांनी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं आणि हुद्दाही सांगितला.

"किती बोटं?"

"तीन."

"भिंतीवर काय दिसतं?"

काकासाहेबांनी भिंत नीट न्याहाळली. "रंग उडालाय."

"शहराचं नाव?"

त्यांनी नामांतराआधीचं जुनं नाव सांगितलं. सहायकानं कागदावर फुली मारली. मॅडमनी ती खोडली. "त्या उत्तरावर मेंदूचं काही ठरत नाही," त्या म्हणाल्या. "नाहीतर अर्धं शहर दाखल करावं लागेल."

मग त्या बाजूला सरकल्या आणि द्वारकाबाईंना पुढं केलं.

"या कोण?"

बद्रीनाथचे ओठ हलत होते, तो कुठल्या तरी देवाला पपनसाचं झाड तोडायचं कबूल करत असावा. द्वारकाबाईंनी पदर सारखा केला, जसा अडतीस वर्षांपूर्वी बघायला आले तेव्हा केला असेल. काकासाहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं. कपाळाकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं, परत तोंडाकडं पाहिलं. त्यांच्या भुवया जवळ आल्या. ओठ उघडले. मॅडमही वाकल्या.

"द्वारके," काकासाहेब म्हणाले, "पाठीत खाजू लागलंय. जरा हात घाल. तिथं नाय, वर. वर. डावीकडं."